चौकात ओरडणारा ब्रेक

आमच्या घरातली सायकल खरं तर मुलाची. गिअरची, जाड टायरची, पुढे आणि मागे डिस्क ब्रेक असलेली. तो शिकायला पुण्याला गेला आणि सायकल जिन्याखाली उभी राहिली. चाकांतली हवा उतरली, सीटवर धूळ बसली, आणि माझ्या आईने हँडलला लसणाच्या जुड्या टांगल्या. घरात एखाद्या वस्तूला काम उरलं नाही की तिच्या वाट्याला असं काहीतरी येतं.

एका उन्हाळ्यात माझ्या बायकोने लसूण काढून खिडकीच्या गजाला बांधला आणि सायकल अंगणात आणली. ती अंबडपासून साडेचार किलोमीटरवरच्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवते. वडीगोद्रीच्या रस्त्याने थोडं जायचं आणि मग डावीकडच्या फाट्याला वळायचं. तोपर्यंत ती जीपने जात असे. जीप भरल्याशिवाय हलत नाही आणि शाळेची घंटा जीप भरण्याची वाट पाहत नाही. मी जमीन मोजणीच्या कामातला माणूस. माझी सकाळ कोणत्या शिवारात जाईल हे आदल्या संध्याकाळी कळतं, त्यामुळे मोटारसायकलवर तिला रोज सोडणं मला जमत नव्हतं. लहानपणी तिने वडिलांच्या सायकलवर दांड्याखालून पाय घालून कैची मारलेली होती. लग्नानंतर सायकलला हात लावलेला नव्हता.

आईला हे पटलं नाही. आमचं गाव वडीगोद्रीच्या बाजूचं. आईचं निम्मं आयुष्य शेतात गेलं आणि अंबडला राहून इतकी वर्षं झाली तरी तिची भाषा आणि मतं दोन्ही शिवारातलीच राहिली.

"मास्तरीण बाईनं सायकलवर जायचं का आता? जीपा मेल्या का सगळ्या?"

"जीपा जित्त्या हायेत आई," बायको हवा भरता भरता म्हणाली, "पण भरत न्हाईत."

"अन् पडली मंग?"

"पडले तर उठंन."

आईने यावर मान फिरवली. सायकलकडे मात्र ती बराच वेळ पाहत राहिली. चाकाच्या मधोमध असलेल्या चकचकीत, भोकं पाडलेल्या चकतीकडे बोट करून तिने मला विचारलं, "हे ताटलीवानी काय लावलंय?" मी सांगितलं, ही चकती चाकाबरोबर फिरते, दोन बाजूंनी दोन गुटके तिला चिमटीत धरतात, आणि गाडी थांबते. "म्हणजे आई, थांबायचं सगळं काम ह्या चकतीवर." मला कोणतीही गोष्ट पूर्ण समजावून सांगायची सवय आहे. आईने ऐकून घेतलं आणि ती आत गेली.

बायको सायकलने जाऊ लागली. आमच्या वस्तीतून मोठ्या रस्त्याला लागण्यापूर्वी एक उतार आहे आणि उताराच्या तळाशी चौक. चौकात चहाची टपरी, शेजारी खताचं दुकान, समोर जीपा उभ्या असतात. उतारावरून येणाऱ्याला चौकात ब्रेक दाबावाच लागतो, कारण उजवीकडून मोठ्या रस्त्याची वाहनं येतात. पहिल्या दिवसापासून टपरीवरच्या माणसांनी तिला पाहिलं. अंबडमध्ये मुली सायकलवर दिसतात. साडी खोचलेली, खांद्याला पर्स, चाळिशी ओलांडलेली बाई गिअरच्या सायकलवर दिसत नाही. पाहणाऱ्यांचं त्यात वावगं काही नव्हतं, असं मी तेव्हा म्हणालो होतो.

पावसाळा गेला, दसरा आला.

दसऱ्याला आमच्याकडे घरातली सगळी औजारं पुजतात. गावाकडे होतो तेव्हा खुरपी, विळे, कुऱ्हाड, पाभर असायची. लोखंडाला गंज चढू नये म्हणून आधी तेलाचा हात फिरवायचा आणि मग हळद-कुंकू लावायचं. शेत आता वाट्याने दिलं आहे, पण आईचा क्रम बदललेला नाही. शिलाई मशीन, विळी, अडकित्ता, मिक्सर, माझी मोजणीची साखळी, सगळ्यांना करडईच्या तेलाचं बोट लागतं. मोटारसायकलची पूजा मी करतो. त्या दिवशी ती आटोपून मी सोनं वाटायला बाहेर पडलो. परत आलो तेव्हा जिन्याजवळच्या सायकलला झेंडूची माळ दिसली. आईने सायकलला माळ घातली हे पाहून मला बरं वाटलं आणि मी पुढे जास्त पाहिलं नाही.

सुट्टीनंतर शाळा उघडली त्याच दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं अंगणात बसलो होतो, आई आणि मी. गल्लीच्या तोंडाशी एकदम असा आवाज आला की समोरच्या घरातलं कुत्रं उठून उभं राहिलं. पत्र्यावर खिळा ओढावा तसा, पण लांब. मागोमाग बायको फाटकातून आत आली.

"हे काय वरडलं गं?" आई म्हणाली.

"सायकल."

"सायकल कशी वरडंल?"

"मी काय सांगू आई? सकाळपासून वरडून राह्यली."

मी ब्रेक दाबून पाहिला. उभ्या सायकलचा आवाज येत नव्हता. चालवून पाहिली तर दोन्ही ब्रेक ओरडत होते आणि, जे मला जास्त खटकलं, धरत कमी होते. लिव्हर हँडलला टेकेपर्यंत दाबावं लागत होतं. मी साबणाच्या पाण्याने दोन्ही चकत्या धुतल्या. धुतल्यावर अंगणात आवाज आला नाही. सकाळी ती निघाली आणि कोपऱ्यावर पुन्हा तोच आवाज ऐकू आला.

मुलाला फोन केला. तो म्हणाला, "पप्पा, कुठून तरी तेल लागलं असेल चकतीला. पॅड तेल पितात. अन् काहीही करा पण आवाज येतो म्हणून तेल सोडू नका, बिलकुल."

"आपल्याकडे ब्रेकला तेल कोण लावणार?" मी म्हणालो.

"तुम्ही चेनला लावलं असेल."

मी चेनला तेल लावतो, पण मोजून, प्रत्येक कडीवर एक थेंब, आणि खाली कागद धरून. तसं मी त्याला सांगितलं. तो हसला.

रविवारी सायकल पेठेतल्या दुकानात नेली. दुकानदार माझ्या वडिलांच्या वेळचा. साध्या सायकली त्याने हजारोंनी जोडल्या असतील. आता त्याच्याकडे जास्त करून मोटारसायकलचे पंक्चर येतात. त्याने चाक उचलून फिरवलं, ब्रेक दाबला, आवाज ऐकला आणि मागे हात करून तेलाची बाटली घेतली.

"थांबा, थांबा," मी म्हणालो. "तेल नाही लावायचं."

"साहेब, वरडतंय म्हंजे कोरडं पडलंय. दोन थेंबात गप बसंल."

"ब्रेक कोरडाच पाहिजे ना. घसरला तर धरणार कसा?"

"मंग वरडू द्या." त्याने बाटली जागेवर ठेवली. "पोराला फोन करून इचारलं काय?"

"हो."

"तरीच. मंग गाडी पुण्यालाच न्या. ही आपल्या हातातली न्हाई. ब्रेक कसा असतो? रबर लागतं, गाडी थांबती, माणूस उतरतो. ह्यात ताटली कशाला पाहिजे?"

त्याचं तेलावरचं म्हणणं चुकीचं होतं, पण मला ते परकं वाटलं नाही. आपण कुरकुरणाऱ्या दाराला तेल घालतो, बैलगाडीच्या आसाला वंगण घालतो, पंख्याला, मशीनला, पाळण्याच्या कडीलाही घालतो. जे ओरडतं त्याला तेल पाहिजे, हे आपल्या हाताला इतकं पाठ असतं की त्यासाठी विचार करावा लागत नाही. ब्रेक ही एक वस्तू अशी निघाली की तिला माया केली की ती बिघडते. तिचं काम घासण्याचं. घासणं काढून घेतलं की ती नुसतीच ओरडते.

घरी कपाटात कोरोनाच्या वेळची सॅनिटायझरची अर्धी बाटली होती. तेल काढायला अल्कोहोल चांगलं, हे मी वाचलं होतं, आणि बाटलीवर ठळक अक्षरात सत्तर टक्के असं छापलेलं होतं. मी कापडावर घेऊन चकत्या चमकेपर्यंत पुसल्या, गुटक्यांवरही चार थेंब सोडले. अंगणात सायकल इतकी शांत झाली की मी स्वतःवर खूश झालो. दुसऱ्या दिवशी तिने संध्याकाळी सांगितलं की उतारावर आवाज आधीपेक्षा वाढला आहे. मी बाटली पुन्हा हातात घेतली आणि या वेळी बारीक अक्षरं वाचली. उरलेल्या तीस टक्क्यांत पाणी होतं, वास होता, आणि हात मऊ राहावेत म्हणून ग्लिसरीन होतं. आयुष्यभर आकडे पाहणाऱ्या माणसाने सत्तर पाहिले आणि तीस सोडून दिले.

मग मी माझ्या पद्धतीने कामाला लागलो. गल्लीत खडूने एक रेघ मारली. बायकोला सांगितलं, नेहमीच्या वेगाने ये आणि रेघेवर पुढचं चाक आलं की दोन्ही ब्रेक दाब. सायकल थांबली तिथपर्यंत टेप लावला. तीनदा मोजलं. सरासरी साडेसहा मीटर. वेग दर वेळी सारखाच होता असं मी छातीठोक सांगू शकत नाही, आणि बिघडण्याआधीचा आकडा माझ्याकडे नव्हता. पण मुलाची सायकल सपाट रस्त्यावर तीन मीटरच्या आत थांबायची, एवढं माझ्या डोळ्यांना आठवत होतं. दिवाळीनंतर ऊस सुरू होतो. फाट्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर वळतात आणि त्यांच्या मागून काय येतं ते दिसत नाही. साडेसहा मीटर हा आकडा मला झोपू देईना. मी तिला म्हणालो, "फाट्यावर उतरून चालत जा."

ती म्हणाली, "फाट्याचं न्हाई हो काही."

मला वाटलं तिला धोक्याची कल्पना आलेली नाही.

त्याच आठवड्यात एका सकाळी मला अंबडजवळच्याच शिवारात मोजणी होती, म्हणून मी तिच्यामागून थोड्या वेळाने निघालो. उताराच्या माथ्यावर आलो तर खाली ती दिसली. सायकल हातात धरून चालत होती. चढावर सायकल ढकलत नेणारे खूप पाहिले आहेत. उतारावर कोणी ढकलत नेत नाही. मी गाडी तिच्याशेजारी आणली.

"पंक्चर झाली का?"

"न्हाई."

"मग?"

"तुम्ही व्हा पुढं."

"अगं पण चालत का निघालीस?"

तिने टपरीच्या दिशेने नुसती मान हलवली. बाकावर पाच-सहा जण बसले होते. त्यांतला एक मोठ्याने म्हणाला, "आज गिरणी बंद हाय का मॅडम? लाइट गेली वाटतं!" बाकीचे हसले. वाईट हसले नाहीत. माझ्याकडे पाहून एकाने हात करून नमस्कारही केला. मी तिघांना ओळखत होतो, एकाच्या शेताची हद्द मीच कायम केली होती.

ती चौक ओलांडून गेली, पलीकडे खांबाजवळ थांबली, पदर नीट केला, सायकलवर बसली आणि निघून गेली.

संध्याकाळी भाकरी करता करता तिने सांगितलं. माझ्याकडे न पाहता, तव्याकडे पाहून.

"उन्हाळ्यात सुरू केली तेव्हा रोज सगळे बघायचे. मी उतारावर आले की चहाचा कप तोंडापाशी तसाच राह्यचा त्यांचा. मी म्हणलं, बघू द्या. किती दिवस बघतील? मंग जून गेला, जुलै गेला. पावसात रेनकोट घालून गेले. हळूहळू एक जण बघायचा राहिला, मंग दुसरा. पोळ्याच्या आसपास एक दिवस मी चौकातून गेले अन् कोणीच मान वळवली न्हाई. पेपर वाचणारा पेपर वाचत बसला. त्या दिवशी मला शाळेत पोचेपर्यंत इतकं हलकं वाटलं, काय सांगू. मी घरी आल्यावर सांगणार होते तुम्हाला. मंग वाटलं, ह्यात सांगण्यासारखं काय हाय? कोणी बघितलं न्हाई, हे का सांगायचं असतं?"

तिने तव्यावर पुढची भाकरी टाकली.

"आता पुन्हा सगळं पहिल्यापासून. आता तर मी यायच्या आधीच माना वळून तयार असतात."

"आवाजाकडे बघतात ते. तुझ्याकडे नाही."

"तुम्हाला वाटतं तसं." तिने भाकरी उलटली. "दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ढकलत नेईन. शाळा उघडल्यावर आवाज असला तर सायकल जिन्याखाली ठेवा. मी जीपनं जाईन."

"त्याच जीपने? शाळेला उशीर—"

"उशीर झाला तर एकटे हेडसर बघतील."

आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी शेंगा सोलत होती. सायकल बंद होणार हे ऐकून ती खूश होईल असं मला वाटलं होतं. तिच्या चेहऱ्यावर तसं काही दिसलं नाही. एवढंच म्हणाली, "वरडती तर थांबत बी न्हाई का ती?"

"थांबते, पण उशिरा," मी म्हणालो. आईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

त्या रात्री मला माझ्याच टेपची गंमत वाटली. मी साडेसहा मीटर मोजले होते आणि ते बरोबर मोजले होते. पण तिची हद्द मी चुकीच्या खुणेपासून धरली होती. मला गाडी थांबायला हवी होती. तिला गाडी कोणाच्या लक्षात न येता जायला हवी होती. एवढंच तिने कमावलं होतं, आणि तेच जाणार होतं.

सुट्टी लागली तशी मी एसटीने जालन्याला गेलो. गिअरच्या सायकलींचं दुकान स्टेशनच्या बाजूला आहे. जुना गुटका नमुन्याला नेला होता, तो जुळवून दोन्ही चाकांचे नवे पॅड घेतले. औषधांच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली घेतली आणि ती घेताना लेबल पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचलं. दुकानदार म्हणाला, "काका, प्यायची न्हाई ही." मी म्हणालो, ब्रेकला पाहिजे. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि पिशवी दिली.

दुसऱ्या दिवशी आई शेजारी फराळाच्या चकल्यांना मदत करायला गेली होती. मी अंगणात पोतं अंथरलं, हात साबणाने धुतले, सायकल उलटी केली आणि दोन्ही चाकं काढली. बायको शेजारी पाटावर बसून कापसाचे बोळे करून देत होती. पहिला बोळा काळा निघाला, दुसराही काळा. मग मी काडीला कापूस गुंडाळून चकतीच्या भोकांच्या कडा पुसायला घेतल्या. तो कापूस लालसर तपकिरी निघाला. मला वाटलं गंज. पण ही चकती गंजत नाही. दुसऱ्या भोकात पाहिलं. कडेला एक बारीक लाल रेघ, आणि तिच्या आत पिवळी. देवघरातल्या टाकाच्या कोपऱ्यात जसं बसून राहतं, तसं.

मी कापूस नाकाशी नेला. करडईच्या तेलाचा खवट वास.

"हे कुंकू आहे," मी म्हणालो.

बायको बोळे करत राहिली.

"तुला माहीत होतं?"

"दसऱ्याला पाहिलं मी. आईंनी माळ घातली, मंग खाली बसल्या, अन् दोन्ही ताटल्यांना तेलाचं बोट फिरवलं चांगलं, अन् हळद-कुंकू लावलं. मला त्याच्यानं आवाज येईल हे माहीत नव्हतं. तुम्ही तेलाचं म्हणायला लागले तेव्हा कळलं."

"मग बोलली का नाहीस? मी साबण लावला, सॅनिटायझर लावलं, गल्लीत टेप घेऊन पळालो!"

"तेलाला काय काढतं, ते का मला ठाऊक होतं? अन् बोलले असते तर तुम्ही तिथल्या तिथं जाऊन आईंना सांगितलं असतं. तुमच्या पोटात राहतं का काही?"

ते खरं होतं. मी आताही उठायच्याच बेतात होतो.

"सांगायलाच पाहिजे," मी म्हणालो. "पाडव्याला पुन्हा पूजा आहे. ती पुन्हा लावेल."

"लावू द्या."

"नवे पॅड आहेत!"

"अहो, सहा महिने त्यांनी सायकलला हात लावला न्हाई. येता-जाता पदर सावरून जायच्या बाजूनं. त्या दिवशी पहिल्यांदा गुडघा दुखत असताना खाली बसल्या तिच्यापुढं. आता तुम्ही जाऊन सांगणार, आई तुमच्यामुळं बिघडली. मंग पुन्हा कधी हात लावतील का त्या?" तिने बोळ्यांची वाटी माझ्याकडे सरकवली. "सांगू नका. कुठं लावायचं ते मी बघते."

मला हा हिशेब पटायला वेळ लागला. चूक सापडली की ती सांगायची, हे माझं आजवरचं वळण. मोजणीत एक हात जमीन इकडची तिकडे निघाली तर मी दोन्ही भावांना समोर बसवून सांगतो. पण इथे हद्द कोणाकोणाची आहे, हे माझ्यापेक्षा तिला जास्त कळत होतं. मी काडी बदलली आणि पुढचं भोक पुसायला घेतलं.

नवे गुटके बसवले. ब्रेकचा चिमटा दोन बोल्टांवर असतो. ते ढिले करून लिव्हर दाबून धरायचं, म्हणजे चिमटा आपोआप चकतीच्या मध्यावर येतो, आणि तसंच धरून बोल्ट आवळायचे. लिव्हर तिने धरलं, बोल्ट मी आवळले. नवे पॅड लगेच धरत नाहीत, त्यांना चकतीची ओळख व्हावी लागते. त्यासाठी वेग घ्यायचा, हळूहळू दाबायचं, पूर्ण न थांबता सोडायचं आणि पुन्हा वेग घ्यायचा. ती गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जात-येत राहिली. पहिल्या काही वेळा खरखर आली, मग नुसता हवेसारखा आवाज, मग तोही नाही. शेवटी मी खडूची रेघ पुन्हा मारली. अडीच मीटर.

"लिहून ठेवू का?" मी विचारलं.

"तुम्ही लक्षात ठेवाल," ती म्हणाली, आणि पुन्हा एक फेरी मारून आली, जिची काही गरज नव्हती.

पाडव्याच्या सकाळी आई ताट घेऊन अंगणात आली. मोटारसायकलचं झालं आणि ती सायकलकडे वळली. तिने डाव्या हाताने गुडघा धरला आणि चाकाजवळ वाकली. तेलाची वाटी ताटात होती. माझ्या तोंडातून शब्द निघणारच होता. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की तो आत गेला.

"आई," ती म्हणाली, "खाली नका बसू. वर हँडलला लावा ना."

"हँडलला का? हितंच लावते. मी इचारलं तेव्हा ह्यानंच सांगितल्तं, थांबायचं सगळं काम ह्या ताटलीवर म्हणून." आईने माझ्याकडे बोट केलं. "दसऱ्याला बी हितंच लावल्तं मी. चांगलं तेलाचा हात फिरवून. देवाला म्हणलं, माझी सून जाती त्या रस्त्यानं उसाच्या गाड्या असत्यात. जल्दी जाऊ दे न जाऊ दे, पण थांबायचं तिथं बराबर थांबू दे."

मी चकतीकडे पाहत राहिलो. मीच तिला जागा दाखवली होती. घरात इतक्या वस्तू, सायकलचे इतके भाग, आणि तिने काळजीचं बोट नेमकं तिथे ठेवलं होतं जिथे मी सांगितलं होतं.

बायकोने आईला हात देऊन उभं केलं, सायकलचं मागचं चाक उचललं आणि पायडल मारून फिरवलं.

"आई, ही दांडी दाबा. हां, हीच. दाबा जोरात."

आईने लिव्हर दाबलं. चाक जागच्या जागी थांबलं. आईने हात सोडला. बायकोने चाक पुन्हा फिरवलं, आईने पुन्हा थांबवलं. तिसऱ्यांदा आईने न सांगता दाबलं.

"बघा," बायको म्हणाली. "ताटली आपल्या मनानं थांबत न्हाई. हात दाबला तर थांबती. माझा हात रोज हितं असतो. हितं लावा."

आईने दोन्ही दांड्या नीट पाहिल्या, एकदा स्वतःच्या पंजाकडे पाहिलं. "असं सांगायचं न्हाई का मंग आधी," ती मला म्हणाली. "म्हणे सगळं काम ताटलीवर." तिने दोन्ही लिव्हरांच्या बुंध्याशी तेलाचं बोट लावलं, हळद लावली, कुंकू लावलं. मग बायकोचा उजवा हात धरून त्याच बोटाने मनगटावरही एक टिकली टेकवली, औजारांना लावतात तशी, आणि ताट घेऊन शिलाई मशीनकडे गेली.

हात घसरू नये म्हणून तेलाचा थेंब मी दुपारी पुसून घेतला. कुंकू राहू दिलं.

शाळा उघडली त्या दिवशी मला परतूरच्या बाजूला काम होतं आणि मी पहाटेच निघालो होतो. त्यामुळे चौकात काय झालं ते मी पाहिलेलं नाही. संध्याकाळी मी घरी पोहोचून हात-पाय धूत होतो. आई दाराशी बसली होती, कान गल्लीकडे लावून. दसऱ्यापासून कोपऱ्यावर सायकल ओरडली की ती उठून चहाचं आधण ठेवायची, हे माझ्या तोवर ध्यानात आलं नव्हतं.

फाटक वाजलं. बायको सायकल धरून आत उभी होती.

"आगं, आली कधी?" आई दचकून म्हणाली. "काहीच कळलं न्हाई. चहा बी टाकला न्हाई मी."

"मी टाकते आई. बसा तुम्ही."

मी तोंड पुसत विचारलं, "चौकात?"

तिने सायकल जिन्याखाली लावली, पर्स खुंटीला अडकवली, आणि आत जाता जाता म्हणाली, "काही न्हाई."

तिच्या आवाजावरून मला कळलं की ते अगदी खरं होतं.